बेचाळीस माणसं आणि एक कोनशिला

विमानाला दोन कामं येतात. एक, लांब जाणे. दुसरं, भरून जाणे. ही दोन्ही कामं त्याला एकाच वेळी जमत नाहीत. लांब जायचं तर पोटात तेल जास्त घ्यावं लागतं, आणि तेलाला वजन असतं. माणसालाही वजन असतं (काहींना पदामुळे थोडं अधिक). म्हणून जगभर अशी एक मागासलेली रीत पडली आहे की आधी मार्गाचं अंतर पाहावं आणि मग त्याला झेपेल असं विमान घ्यावं. उन्नतगगन एअरवेज या कंपनीने ही रीत मोडीत काढली. तिने आधी विमानं घेतली, मग त्यांचे फोटो काढले, आणि शेवटी फोटोला शोभेल असा मार्ग शोधायला माणूस नेमला.

तो माणूस म्हणजे रजत रूपराव उमाटे, मूळ राहणार आंजी (मोठी), जिल्हा वर्धा. रजत हुशार होता. इंजिनिअरिंग झालं, पुण्याला मॅनेजमेंट झालं, आणि तिथेच त्याच्या बोलण्यातलं ‘मले’ आणि ‘तुले’ गळून पडलं. आता तो इतकं शुद्ध बोलत असे की फोनवर त्याची आईसुद्धा पहिल्यांदा ‘कोण बोलून राह्यलं?’ असं विचारी. कंपनीत तो मार्ग-नियोजन विभागात होता. आंजीत त्याचे वडील चौकातल्या पानठेल्यावर सांगत, “कोणतं विमान कुठं जाईन, हे आमचा रजत ठरवते.” हे अगदी खोटं नव्हतं. विमान कुठे जाईल हे मालक ठरवत. ते तिथे पोहोचेल की नाही, एवढंच रजतकडे होतं.

एकदा नागपुरात व्यापाऱ्यांसमोर भाषण करताना मालकांनी जाहीर केलं की विदर्भाला समुद्र नाही हा ऐतिहासिक अन्याय असून तो आपण दूर करू. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर मालक नेहमी थोडं पुढे जात. त्यांनी नागपूर ते पोर्ट ब्लेअर थेट सेवा जाहीर करून टाकली. (गावाचं नाव सरकारने आता बदललं आहे; अंतर मात्र जुनंच ठेवलं आहे.) कंपनीकडे होती ती दोन पंख्यांची, बहात्तर खुर्च्यांची छोटी विमानं. नागपूरहून हैदराबादला जाऊन येणं हा त्यांचा पिंड.

रजतने हिशोब केला आणि तो उपाध्यक्ष गुंजन मॅडम यांच्यासमोर ठेवला.

“मॅडम, बहात्तर माणसं भरली तर विमान बंगालच्या उपसागरापर्यंत नक्की जाईल.”

“आणि पोर्ट ब्लेअरपर्यंत?”

“पन्नास माणसं. त्याहून एक जास्त नाही.”

“पण कंपनीच्या पुस्तिकेत दोन्ही छापलंय. बहात्तर जागाही आणि एवढं अंतरही.”

“दोन्ही खरं आहे मॅडम. फक्त एकाच उड्डाणात नाही.”

गुंजन मॅडमनी पेन खाली ठेवलं. “दोन्ही खरं आहे ना? मग अडचण कुठे आहे?”

रजतने आणखी एक अडचण सांगितली. पोर्ट ब्लेअर बेटावर आहे. तिथे ढगांनी धावपट्टी झाकली तर आसपास उतरायला दुसरी जागा नाही, परत मुख्य भूमीकडे वळावं लागतं. म्हणजे विमानाने जाण्याचं तेल घ्यायचंच, शिवाय न उतरण्याचंही घ्यायचं. गुंजन मॅडमना यात नकारात्मक विचार दिसला. त्यांनी तसं सांगितलंही.

उरलेलं काम उन्हाने केलं. हवा तापली की पातळ होते, पंखांना धरायला काही राहत नाही, आणि विमान आणखी हलकं करावं लागतं. म्हणून रजतने पहाटेचं उड्डाण सुचवलं. पण उद्घाटनाला येणारे प्रमुख पाहुणे पहाटे उठत नसत. त्यांच्या सोयीने उड्डाण भर मे महिन्यातल्या दुपारचं ठरलं. नागपूरच्या दुपारी त्या दिवसांत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. विमान मात्र सोडणार होतं. पन्नासाचे चव्वेचाळीस झाले.

बहात्तर तिकिटं तोवर विकली गेली होती.

एखाद्या भित्र्या माणसाने इथे तिकिटविक्री थांबवली असती. रजतने ‘प्रवासी समायोजन धोरण’ लिहिलं. मराठी माणूस धंद्यात कल्पक नसतो असं म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावं. त्यातला गाभा असा:

सर्व प्रवाशांचं सामान मागाहून पाठवावं. (किती मागाहून, हे सामानावर अवलंबून राहील.) तरीही वजन जास्त भरल्यास प्रवासी मागाहून पाठवावेत. कोणाला पाठवावं हे वजनावर ठरवू नये, ते अपमानास्पद आहे. प्रत्येक मोठा माणूस पंच्याहत्तर किलोचा आहे असं समजावं. कोणाला पाठवावं हे त्याच्या तक्रारक्षमतेवर ठरवावं.

तक्रारक्षमता ही रजतची स्वतःची देणगी. प्रत्येक प्रवाशाला शंभरपैकी गुण. इंग्रजीत तिकीट काढणाऱ्याला वीस. वारंवार विमानाने जाणाऱ्याला तीस. नावामागे वकील, डॉक्टर किंवा पत्रकार असेल तर सरळ चाळीस. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्याला शून्य, कारण उतरवलं जाणं हा विमानप्रवासाचाच भाग असावा असं त्याला वाटतं. साठीपुढच्या माणसाचे पाच वजा, कारण त्याला खुर्ची दिली की तो बसतो. आधीच्या मार्गांवरच्या अनुभवावरून रजतने दाखवून दिलं की कमी गुणांच्या माणसांपैकी शेकडा त्र्याण्णव लोक काहीच विचारत नाहीत, पाच जण संडास कुठे आहे ते विचारतात, आणि उरलेले दोन रडतात. लेखी तक्रार शून्य.

मालकांनी धोरण वाचून रजतची पाठ थोपटली. उद्घाटनाच्या दिवशी त्यालाच नागपूरला पाठवलं.

आता योगायोग असा की रजतची धाकटी बहीण काजल पोर्ट ब्लेअरलाच दिलेली होती. जावई तिकडे बंदरखात्यात. काजलला पहिला मुलगा झाला होता आणि बारसं ठेवलं होतं. रूपराव आणि नलूबाई यांनी वर्ध्याच्या एका दुकानातून त्याच पहिल्या विमानाची दोन तिकिटं काढली आणि रजतला मुद्दाम सांगितलं नाही. रूपरावांना पोराच्या ओळखीने फुकटचं काही घेणं आवडत नसे. शिवाय विमानातून उतरल्यावर त्याला फोन करायचा आणि म्हणायचं, ‘तुयाच विमानानं आलो बे,’ असा त्यांचा बेत होता. तो त्यांनी इतक्या वेळा नलूबाईंना ऐकवला की शेवटी त्या म्हणाल्या, “आता तुमी फोन नाई केला तरी चालते, मलेच पाठ झालं.”

उद्घाटनाच्या दुपारी विमानतळावर सनई होती, झेंडूच्या माळा होत्या, पाहुणे होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पाहुणे होते. रजत विमानाकडे जाणाऱ्या दारामागच्या काचेच्या खोलीत बसला होता. त्या काचेतून आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आपलाच चेहरा दिसतो. त्याने संगणकाला कमी गुणांची अठ्ठावीस नावं मागितली. संगणकाने ती चढत्या क्रमाने दिली. पहिलं नाव नलू रूपराव उमाटे. दुसरं रूपराव उमाटे.

रजतने ती नावं पुन्हा वाचली. मग काचेतून पाहिलं. आई दारापाशी उभी होती, ठेवणीतल्या हिरव्या लुगड्यात, हातात कापडी पिशवी. बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत.

इथे कोणी म्हणेल की त्याने दोन नावं खोडायला हवी होती. पण मग खालची दोन वर आली असती, आणि ती कोणाच्या तरी आईबापांचीच असती. धोरणाला आईबाप नसतात, असं रजतने स्वतःला सांगितलं. ते त्याला पटलंही. फक्त पटल्यावर त्याने पाणी मागवलं.

तेवढ्यात गुंजन मॅडम आत आल्या. “अठ्ठावीस नाही, तीस उतरवा. कोनशिला जायची आहे.”

पोर्ट ब्लेअरच्या कार्यालयात बसवायची संगमरवरी कोनशिला होती ती, दीडशे किलोची. म्हणजे धोरणानुसार बरोबर दोन माणसं. चव्वेचाळिसांचे बेचाळीस झाले.

रजत उभा राहिला. “मॅडम, कोनशिला उद्याच्या विमानाने गेली तर?”

हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा उठाव होता.

“तिच्यावर आजची तारीख कोरली आहे,” गुंजन मॅडम म्हणाल्या.

माणसांवर तारीख कोरलेली नसते. रजत खाली बसला.

दारावर समीक्षा नावाची मुलगी होती. कंपनीत लागून तिला थोडेच दिवस झाले होते आणि तिला हसण्याचं प्रशिक्षण दिलेलं होतं. तिने तीस नावं हसतच वाचली आणि त्या सगळ्यांना बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. आपलं खास काहीतरी होणार असं समजून ते बसलेही. नंतर समोरून उरलेली माणसं विमानाकडे निघाली, तेव्हा वडनेरचे तानबाजी नावाचे एक गृहस्थ उठून उभे राहिले.

“काऊन हो बाई, आमी काय फुकटात आलो काय? आमाले बसवून ठेवलं अन् ते लोकं चालले!”

त्यांचा आवाज मोठा होता. दोघंतिघं आणखी उठले. शेकडा त्र्याण्णवचा आकडा हलायला लागला. काचेमागे गुंजन मॅडम पुढे सरकल्या.

तेव्हा रूपराव उठले. आंजीत बांधावरून, नळावरून, लग्नातल्या जेवणावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी त्यांनी मधे बसून मिटवली होती. त्यांनी तानबाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

“भाऊ, जराक बसा. विमानाचं काम बैलबंडीसारखं नसते, का आणखी एक जण मागं लटकला तरी चालते. वजन बराबर लागते त्याले. माया पोरगा याच कंपनीत हाय. थांबा, मी त्यालेच विचारतो.”

आणि त्यांनी फोन लावला.

काचेमागे रजतच्या खिशात फोन थरथरला. पडद्यावर ‘बाबा’ आलं. समोर, दहा हातांवर, बाबा फोन कानाला लावून त्याच्याकडेच पाहत होते. म्हणजे काचेतल्या स्वतःकडे.

“उचला,” गुंजन मॅडम म्हणाल्या. “कोणी महत्त्वाचं असेल.”

रजतने कोपऱ्यात सरकून उचलला.

“रजत, मी हावो. आमी नागपूरलेच हावो, विमानतळावर. तुले सांगितलं नाई, म्हटलं कायले तरास द्याचा. आमचं थोडंसं मागं राह्यलं. तुले काई कराले नाई सांगत. फक्त एवढं सांग, दुसरं विमान येऊन राह्यलं नं? लोकं चिडून राह्यले, मी त्यायले सांगून टाकतो.”

दुसरं विमान नव्हतं. पुढच्या आठवड्यापर्यंत नव्हतं, आणि तेही भरलेलं होतं.

“विमान लवकरच येत आहे, बाबा,” रजत म्हणाला. “आपण कृपया बसून घ्या.”

काचेपलीकडे रूपरावांनी एकदा खुर्च्यांवरच्या माणसांकडे पाहिलं. मग रूपराव म्हणाले, “बरं.”

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि सगळ्यांकडे वळले. “पोरगा बोलला. येऊन राह्यलं. बसा सगळे.”

सगळे बसले. तानबाजीही बसले. रूपरावांनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि तो तीस माणसांत फिरवला.

गुंजन मॅडमना हे सगळं फार आवडलं. “कोण आहे हा म्हातारा? आपल्या दहा माणसांचं काम एकट्याने केलं.”

“असेल इकडचा कोणीतरी,” रजत म्हणाला.

नलूबाई मात्र बसल्या नव्हत्या. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, कारण कोणी नीट उत्तर दिल्याशिवाय त्यांना बसता येत नसे. त्यांचं खरं वजन सेहेचाळीस किलो. पण कागदावर पंच्याहत्तर असल्यामुळे त्यांच्या न जाण्याने विमानाचा एकोणतीस किलो जास्तीचा फायदा झाला होता, आणि याबद्दल कोणी त्यांचे आभार मानले नव्हते.

इतक्यात कोनशिलेची ढकलगाडी आली. गुलालाने माखलेली, हार घातलेली, चौघे ढकलत होते. प्रमुख पाहुण्यांना तिच्यासोबत फोटो हवा होता, म्हणून ती सामानाच्या वाटेने न नेता मुद्दाम इथून आणली होती. दारात ती अडली. समीक्षाने हार सावरले. नलूबाईंनी जवळ जाऊन ती वाचली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत. वर मालकांचं नाव होतं, मग पाहुण्यांचं, मग आणखी चारपाच. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत: ‘मार्ग-नियोजन : रजत रूपराव उमाटे.’

बोट मधल्या नावावर थांबलं.

“हे बरं झालं,” त्या समीक्षाला म्हणाल्या. “याह्यचं नाव तं जाऊन राह्यलं.”

समीक्षाला कसं हसावं ते कळेना. या प्रसंगाचं प्रशिक्षण झालेलं नव्हतं.

विमान उडालं. बेचाळीस प्रवासी आणि एक कोनशिला यांना घेऊन ते व्यवस्थित पोहोचलंही. आकाश स्वच्छ होतं आणि न उतरण्याचं तेल तसंच शिल्लक राहिलं. उरलेल्या तीस जणांना दिवस मावळायच्या सुमारास सांगण्यात आलं की तांत्रिक कारणाने दुसरं विमान येणार नाही. तानबाजी यावेळी ओरडले नाहीत. रूपरावांचा चिवडा खाल्लेला होता, आता त्यांच्या पोराला शिव्या कशा द्यायच्या, असा त्यांना प्रश्न पडला. लेखी तक्रार शून्य.

बारसं काजलच्या घरी, आजी-आजोबांशिवाय झालं. आंजीत फोनच्या पडद्यावर ते थोडं दिसलं, मग रेंज गेली. पुढच्या आठवड्यात नलूबाईंनी सेवाग्रामहून चेन्नईची गाडी धरली आणि तिथून जहाजाने एकट्या पोर्ट ब्लेअरला गेल्या. जहाजात उलट्या झाल्या, पण कोणी गुण विचारले नाहीत. रूपराव गेले नाहीत. सोयाबीनची तयारी करायची आहे, असं त्यांनी सांगितलं. ती दरवर्षीच करायची असते.

त्याच सुमारास रजत आंजीला आला. बढतीचे पेढे आणले होते. रूपराव अंगणात खाटेवर बसलेले. त्यांनी पेढा घेतला, खाल्ला, हात पुसले.

“बाबा, त्या दिवशी ते दुसरं विमान...”

“राहू दे. नव्हतंच ते. मले तवाच समजलं.”

“कसं?”

“तू म्हणाला, ‘येत आहे, बाबा. आपण कृपया बसून घ्या.’ लहानपणापासून पाहून राह्यलो तुले. घरच्या बोलीत तुले खोटं बोलता येत नाई. शाळेत पैसे हरवले तवा बी तू अशीच पुस्तकातली भाषा बोलला होता.”

 रजत म्हणाला, “मंग तुमी लोकायले काऊन सांगितलं, का येऊन राह्यलं म्हणून?”

कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून ती बोली निघाली. त्याच्या लक्षातही आलं नाही.

“तर काय सांगू?” रूपराव म्हणाले. “तीस लोकायसमोर म्हणू, का माया पोरगा खोटा हाय म्हणून? एवढं मोठं भांडण मले मिटवता नसतं आलं.”

ते उठून गोठ्याकडे गेले. रजतने पेढ्यांचा पुडा बंद केला. त्याला आतून काहीतरी लागलं होतं. अशा वेळी सामान्य माणूस नोकरी सोडतो, निदान रडतो. रजत व्यावसायिक होता. परतल्यावर आठवड्याच्या आत त्याने धोरणात सुधारणा सुचवली: प्रवाशांना द्यायची आश्वासनं प्रमाण भाषेत दिल्यास संशय येतो, सबब ती स्थानिक बोलीत द्यावीत. नागपूरसाठीचं आश्वासन त्याने स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून दिलं. ‘विमान येऊन राह्यलं जी, जराक बसा.’ पहिल्या काही वेळा आवाज अडखळला. पुढे सराव झाला. ऐकणाऱ्याला वाटतं, घरचंच कोणी बोलतंय. शेकडा त्र्याण्णवचे आता सत्त्याण्णव झाले आहेत.

सेवा सध्या उत्तम सुरू असून कंपनीला प्रवाशांकडून आलेले अभिप्राय पाच चांदण्यांचे आहेत. अर्थात ते विमानात बसलेल्या प्रवाशांचेच आहेत, कारण न बसलेल्यांना अभिप्राय विचारण्याची सोय अजून झालेली नाही. बहुतेकांनी एकच गोष्ट आवडल्याचं कळवलं आहे: शेजारची खुर्ची रिकामी होती, ऐसपैस बसता आलं, असंच चालू ठेवा. त्या खुर्चीवर कोण बसणार होतं, असं मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. हे सगळे शिकलेसवरलेले लोक आहेत, संध्याकाळी घरी अशा कथा वाचतात आणि योग्य जागी हसतात. आपणही मागच्या प्रवासात त्या रिकाम्या खुर्चीवर आपली पिशवीच ठेवली होती ना?